वाचलेला डॉलर कुणाच्या खिशात: न्यू यॉर्कच्या ३२बीजे आरोग्य निधीचे प्रकरण

न्यू यॉर्क शहरातील एखाद्या निवासी इमारतीच्या दारात उभा असणारा डोअरमन वयाची पंचेचाळिशी ओलांडली की डॉक्टरांच्या सांगण्यावरून कोलोनोस्कोपी, म्हणजे मोठ्या आतड्याची दुर्बिणीतून तपासणी, करून घेतो. आदल्या दिवशीचा उपास आणि रेचक सोडले तर तपासणी फार वेळ घेत नाही. भुलीची गुंगी उतरली की कुणाला तरी सोबतीला घेऊन तो घरी परततो. काही आठवड्यांनी टपालाने एक कागद येतो. त्यावर ठळक अक्षरांत छापलेले असते, ‘हे बिल नाही’. खाली चार रकाने असतात: रुग्णालयाने लावलेली रक्कम, मान्य झालेली रक्कम, योजनेने भरलेली रक्कम आणि तुमच्याकडून येणे असलेली रक्कम. डोअरमनची नजर थेट शेवटच्या रकान्यावर जाते, तिथे शून्य किंवा किरकोळ आकडा दिसतो, आणि कागद खणात पडतो.

हे प्रकरण त्या कागदावरच्या तिसऱ्या रकान्याचे आहे. डोअरमन, सफाई कामगार, पोर्टर आणि सुरक्षारक्षक यांच्या ३२बीजे या कामगार संघटनेशी जोडलेल्या आरोग्य निधीने आपल्या दाव्यांच्या नोंदी एकत्र करून पाहिल्या, तेव्हा न्यू यॉर्क-प्रेस्बिटेरियन या नामांकित रुग्णालयात एका कोलोनोस्कोपीमागे निधी सरासरी १०,३६८ डॉलर भरत होता आणि शहराच्या सार्वजनिक रुग्णालयांत त्याच तपासणीमागे २,१८५ डॉलर. फरक ८,१८३ डॉलरचा. बाळंतपणाचे चित्र याहून वेगळे नव्हते; सार्वजनिक रुग्णालयांत सिझेरियनचा खर्च १८ हजार डॉलरच्या आत राहत होता, तर दुसऱ्या एका मोठ्या खासगी रुग्णालयसमूहात तो ५५ हजारांच्या घरात जात होता. रुग्ण त्याच संघटनेचे, योजना तीच, शहरही तेच. १ जानेवारी २०२२ पासून निधीने न्यू यॉर्क-प्रेस्बिटेरियनला आपल्या नेटवर्कमधून बाहेर काढले. आपल्याकडच्या भाषेत सांगायचे तर, त्या रुग्णालयाचे नाव पॅनेलवरून उतरवले.

रुग्णालयांच्या दराविरुद्ध मालकवर्गाने काय करावे, हा प्रश्न अमेरिकेत नोकरदारांपुढे प्रत्यक्ष निवडीच्या रूपात क्वचित येतो. इथे तो आला, आणि अशा लोकांपुढे आला ज्यांना हप्त्यापोटी पगारातून एक पैसाही द्यावा लागत नव्हता. म्हणून हे प्रकरण तपशिलाने पाहण्याजोगे आहे.

प्रथम पैशाचा मार्ग पाहू. अमेरिकेत आरोग्यविमा नोकरीला बांधला गेला तो एका युद्धकालीन अडचणीतून. १९४२ मध्ये वेतनवाढीवर सरकारी बंधन आले. विम्यासारखे लाभ त्या बंधनातून मोकळे राहिले, आणि कामगार टिकवून धरण्यासाठी कारखानदारांनी पगाराऐवजी लाभ वाढवले. १९५४ च्या करकायद्याने मालकाने भरलेला हप्ता कामगाराच्या करपात्र उत्पन्नात धरायचा नाही, ही गोष्ट पक्की केली. आज मोठ्या कंपन्यांपैकी बहुतेक जणी विमा विकत घेतच नाहीत. दाव्यांचे पैसे त्या स्वतः भरतात आणि विमा कंपनीला कागदपत्रे सांभाळण्यासाठी व रुग्णालयांशी दर ठरवण्यासाठी शुल्क देतात. अमेरिकेत नोकरीतून मिळणाऱ्या विम्याखाली असलेल्या कामगारांपैकी साठ टक्क्यांहून अधिक जण अशा योजनांत आहेत. कार्डावर नाव विमा कंपनीचे असते. पैसा मालकाचा असतो, आणि बहुतेकांना हे ठाऊक नसते. न्यू जर्सीच्या एडिसन-न्यू ब्रन्सविक पट्ट्यात राहणाऱ्या मराठी घरांतही नोव्हेंबरच्या ‘ओपन एनरोलमेंट’मध्ये, म्हणजे पुढच्या वर्षाची योजना निवडण्याच्या मुदतीत, चर्चा होते ती हप्ता, डिडक्टिबल (विमा सुरू होण्याआधी रुग्णाने भरायची रक्कम) आणि को-पे (दर भेटीमागे रुग्णाने द्यायचा वाटा) यांची, रुग्णालयाला नेमके किती पोचतात, हा विषय निघत नाही.

३२बीजेचा निधी मात्र एका कंपनीचा नाही. १९४७ च्या टाफ्ट-हार्टली कायद्याखाली असे निधी संघटना आणि मालक मिळून चालवतात, आणि विश्वस्त मंडळात दोघांचे प्रतिनिधित्व समसमान असावे लागते. इमारतींचे मालक, सफाईची कंत्राटे घेणाऱ्या कंपन्या, सुरक्षा पुरवणाऱ्या कंपन्या अशा हजारो मालकांकडून सामूहिक करारात ठरलेली रक्कम दर कामगारामागे निधीत येते, आणि त्यातून कामगार व त्यांच्या कुटुंबीयांचे मिळून सुमारे दोन लाख लोकांचे उपचार होतात. पगाराच्या पावतीवर ही रक्कम वजा झालेली दिसत नाही, कारण ती पगारात आलेलीच नसते. पण ती येते कुठून, हे वाटाघाटीच्या टेबलावर बसणाऱ्या प्रत्येकाला माहीत असते. चार वर्षांसाठी मालक एकूण किती देणार हे एकदा ठरले की त्यातला किती भाग तासाच्या वेतनात जाईल आणि किती आरोग्य निधीत, याची रस्सीखेच उरते. रुग्णालयाने दर वाढवला की वेतनाचा वाटा आपोआप आक्रसतो. संघटनेने आपल्या सभासदांना हे समीकरण अनेक वर्षे सांगितले, आणि पुढे जे घडले त्याचा पाया त्या सांगण्यातच होता असे मला वाटते.

रुग्णालयाला पॅनेलवरून काढणे ऐकायला सोपे वाटते. व्यवहारात ते जवळपास अशक्य असते, आणि याची कारणे दोन. पहिले कारण माहितीचे. विमा कंपनी आणि रुग्णालय यांच्यातले दरपत्रक गुपित समजले जाई, आणि ज्याच्या पैशाने बिल भरले जाते त्या मालकालाही ते पाहता येऊ नये, अशी कलमे करारांत असत. २७ डिसेंबर २०२० रोजी मंजूर झालेल्या फेडरल कायद्याने ही तोंडबंदीची कलमे बेकायदा ठरवली. दुसरे कारण ताकदीचे. मोठे रुग्णालयसमूह विमा कंपनीशी करार करतानाच बजावतात की आमची सगळी रुग्णालये घ्यायची, नाही तर एकही नाही. आणि रुग्णांना स्वस्त ठिकाणी वळवण्यासाठी को-पे कमी-जास्त करायचे नाही. न्यू यॉर्क-प्रेस्बिटेरियन हे १९९८ मध्ये दोन जुन्या रुग्णालयांच्या विलीनीकरणातून उभे राहिले. कोलंबिया आणि कॉर्नेल या दोन विद्यापीठांच्या वैद्यकीय महाविद्यालयांशी ते जोडलेले आहे. अशा नावाशिवाय मॅनहॅटनमध्ये विमा विकणे कोणत्याही कंपनीला अवघड जाते, हे दोन्ही बाजू जाणतात. अशी बंधने असताना त्याला वगळायचे, तर आपल्या विमा प्रशासकाला ‘हे जमवा, नाही तर आम्ही दुसरीकडे जातो’ असे बजावण्याची तयारी लागते. दोन लाख लोकांचे वजन पाठीशी होते म्हणून निधीला ते साधले. दीडशे माणसांच्या कारखान्याला कुणी दारातही उभे केले नसते.

मालकांच्या कचेऱ्यांत या विषयावर जो शब्द सर्वाधिक फिरतो, तो ‘डिसरप्शन’. एखादे रुग्णालय वगळले तर किती कर्मचाऱ्यांना डॉक्टर बदलावा लागेल, याचा तक्ता विमा कंपनी तयार करून देते, आणि तो आकडा पाहूनच बहुतेक प्रस्ताव मागे घेतले जातात. मनुष्यबळ विभागाला सर्वांत मोठी धास्ती असते तक्रारींच्या गलक्याची. २०२१ च्या एका सर्वेक्षणात तीनशेहून अधिक मोठ्या मालकांच्या वरिष्ठ अधिकाऱ्यांपैकी ८७ टक्क्यांनी सांगितले होते की पुढच्या पाच-दहा वर्षांत कर्मचाऱ्यांच्या आरोग्याचा खर्च झेपण्यापलीकडे जाईल. इतक्या जणांना कळते, आणि तरी कृती विरळा. याचे खापर कर्मचाऱ्यांच्या माथी फोडले जाते: लोकांना निवड हवी असते, त्यांचे आवडते रुग्णालय काढले तर ते नोकरी सोडतील. कर्मचाऱ्यांना खरोखर असे वाटते का, हे मात्र सहसा त्यांना कुणी विचारत नाही.

३२बीजेच्या सभासदांना काय वाटले असेल, ते समजून घेताना एक अडथळा आधी मान्य करावा लागतो. वैद्यकीय बाबतीत महाग ते चांगले, ही समजूत खोलवर रुजलेली असते, आणि ती अडाणीपणातून आलेली नसते. भाजी घेताना माणूस ती हातात घेऊन पाहतो. शल्यविशारदाला हातात घेऊन पाहता येत नाही, म्हणून तो दराकडे आणि नावाकडे पाहून अंदाज बांधतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात १,४२१ नोकरदारांना डॉक्टरांची माहिती निरनिराळ्या पद्धतीने मांडून दाखवण्यात आली. नुसती किंमत दाखवली तेव्हा बऱ्याच जणांनी स्वस्त डॉक्टर टाळला. किमतीशेजारी गुणवत्तेची ठसठशीत खूण ठेवली तेव्हा निवड बदलली. यावरून असा निष्कर्ष निघतो की स्वस्त पर्यायाला लोक नकार देतात ते गुणवत्तेविषयी कुणी काही बोलत नाही म्हणून. ‘आम्ही खर्च कमी करत आहोत’ एवढेच वाक्य मालकाने उच्चारले तर ऐकणारा त्याचा अर्थ ‘तुम्हाला कमी प्रतीचे देत आहोत’ असाच लावणार. आणि मालकांचा आजवरचा इतिहास पाहता त्याला फार दोष देता येत नाही.

दुसरा एक अनुभव याला जोडून पाहावा. दर उघड केले की कर्मचारी आपोआप स्वस्ताकडे वळतील, या आशेवर अनेक कंपन्यांनी संकेतस्थळे आणि अ‍ॅप उपलब्ध करून दिली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दोन मोठ्या कंपन्यांच्या कर्मचाऱ्यांना असे साधन मिळाल्यानंतरच्या पहिल्या वर्षात जेमतेम दहा टक्क्यांनी ते उघडून पाहिले, आणि बाह्यरुग्ण उपचारांवरचा खर्च कमी झाला नाही. नवल वाटण्याजोगे त्यात काही नाही. ज्या माणसाला शेवटच्या रकान्यात शून्य दिसते किंवा ज्याची वर्षाची खर्चमर्यादा, म्हणजे रुग्णाने वर्षभरात स्वतःच्या खिशातून भरायची कमाल रक्कम, केव्हाच ओलांडली गेली आहे, त्याने आजारपणात दरपत्रके चाळत बसावे, ही अपेक्षाच मुळात मालकाची जबाबदारी रुग्णावर ढकलणारी आहे. दराची घासाघीस करण्याची ताकद ज्याच्या हाती आहे त्याने ती करावी. कर्मचाऱ्यांची अपेक्षा मला इतकीच सरळ वाटते.

ती अपेक्षा कामगारांनी कशी बोलून दाखवली, हे २०२२ च्या एप्रिलमध्ये दिसले. तीन हजारांवर निवासी इमारतींतील सुमारे ३२ हजार डोअरमन, पोर्टर, हँडीमन आणि ‘सुपर’ म्हणून ओळखले जाणारे इमारत-देखभालदार यांचा चार वर्षांचा करार २० एप्रिलला संपत होता. समोर इमारतमालकांची संघटना, रिअल्टी अ‍ॅडव्हायझरी बोर्ड. मालकांची एक प्रमुख मागणी होती की आरोग्यविम्याच्या हप्त्यातला काही वाटा आता कामगारांनी उचलावा. मालकांच्या बाजूने पाहिले तर मागणी जगावेगळी नव्हती. अमेरिकेत हप्त्यात कामगाराचा वाटा असणे हीच सर्वसाधारण रीत आहे, आणि २०२४ मध्ये कुटुंबाच्या सरासरी २५,५७२ डॉलरच्या वार्षिक हप्त्यापैकी ६,२९६ डॉलर कामगार स्वतः भरत होता. पण पार्क अ‍ॅव्हेन्यूवर हजारो कामगार जमले, संपाची तयारी झाली, आणि श्रीमंत वस्त्यांतल्या इमारतींत रहिवाशांना सूचना लागल्या की संप झाल्यास कचरा कुठे टाकायचा, पार्सले कोण घेणार. संप टळला. करारात वेतनात चार वर्षांत मिळून १२ टक्क्यांहून थोडी अधिक वाढ आणि ३,००० डॉलरचा बोनस मान्य झाला, आणि हप्त्याचा वाटा कामगारांच्या माथी आला नाही. २०२३ च्या डिसेंबरअखेर कार्यालयीन इमारतींच्या सुमारे २० हजार सफाई कामगारांच्या करारातही मालकांची तीच मागणी पुन्हा मांडली गेली आणि पुन्हा बारगळली.

या दोन करारांमध्ये आणि रुग्णालय वगळण्याच्या निर्णयामध्ये जो धागा आहे, तोच या प्रकरणाचा गाभा. न्यू यॉर्क-प्रेस्बिटेरियन वगळल्याने वर्षाला सुमारे ३ कोटी डॉलर वाचतील, असा निधीचा अंदाज होता. हा पैसा एरवी मालकाच्या ताळेबंदात जिरला असता आणि कामगाराला त्याचा थांगपत्ता लागला नसता. इथे तो संयुक्त निधीत राहिला, आणि पुढच्याच वाटाघाटीत संघटनेला म्हणता आले की आम्ही खर्च आवरून दाखवला आहे, आता हप्त्याची भाषा करू नका. म्हणजे सभासदाने एका नामांकित रुग्णालयावर पाणी सोडले त्याचा मोबदला त्याच्या ओळखीच्या चलनात, वेतनात आणि न लागलेल्या हप्त्यात, चार महिन्यांत त्याच्या समोर आला. कामगारांनी हा सौदा कुरकुर न करता मान्य केला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. परंतु मालकांना ज्या बंडाची भीती वाटत असते, ते इथे झाले नाही, ही वस्तुस्थिती आहे.

मालकांच्या भूमिकेविषयी कामगारांचे म्हणणे इथे दुहेरी आहे, आणि त्यातल्या दोन्ही बाजू मला रास्त वाटतात. विश्वस्त मंडळावर बसलेला मालक त्यांना चालतो, किंबहुना तो तिथे हवाच असतो, कारण रुग्णालयाशी भांडायला त्याचा पैसा आणि वजन लागते. वाटाघाटीच्या टेबलापलीकडे बसलेला तोच मालक ‘हप्त्यात वाटा उचला’ म्हणतो तेव्हा मात्र तो रुग्णालयाशी भांडायचे सोडून आपल्याच खिशाकडे वळला आहे, असे त्यांना दिसते. दर रुग्णालयाने चढवायचे आणि शिक्षा झाडूवाल्याला, हा न्याय त्यांना पटत नाही.

जिथे हा दुवा तुटलेला असतो तिथे कर्मचाऱ्यांचे मत कोणत्या वाटेने बाहेर पडते, हे पाहण्यासाठी हडसन नदीपलीकडचे एक उदाहरण पुरेसे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये न्यू जर्सीच्या फेडरल न्यायालयात जॉन्सन अँड जॉन्सनच्या एका महिला कर्मचाऱ्याने आपल्याच कंपनीविरुद्ध दावा लावला. १९७४ च्या एरिसा कायद्याप्रमाणे कर्मचाऱ्यांच्या लाभनिधीचा कारभार पाहणाऱ्याने तो विश्वस्ताच्या काळजीने पाहिला पाहिजे. कंपनीने औषधांच्या दरात ती काळजी घेतली नाही, असा आरोप होता. दाव्यात दिलेले उदाहरण असे: मल्टिपल स्क्लेरोसिस या मज्जासंस्थेच्या आजारावरच्या एका जेनेरिक औषधाच्या नव्वद गोळ्यांसाठी योजनेतून १० हजार डॉलरहून अधिक आकारले जात होते, आणि विमा न वापरता तेच औषध दुकानात शंभर डॉलरच्या आत मिळत होते. कंपनीने आरोप नाकारले. जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने मुख्य मागण्या फेटाळल्या, त्या दर योग्य होता म्हणून नव्हे. या कर्मचाऱ्याची वर्षाची खर्चमर्यादा इतर उपचारांनीच भरली होती, त्यामुळे औषध स्वस्त असते तरी तिला तेवढेच पैसे पडले असते. आणि महाग औषधांमुळे हप्ता वाढला, वेतन घटले, हे म्हणणे न्यायालयाला अंदाजाचे वाटले. म्हणजे ज्या गोष्टीचा हिशेब ३२बीजेच्या टेबलावर दर चार वर्षांनी सेंटपर्यंत मांडला जातो, तीच गोष्ट संघटना नसलेल्या कर्मचाऱ्याला न्यायालयात सिद्ध करता येत नाही. दोन्हीकडचा कर्मचारी एकच गोष्ट सांगतो आहे: हा पैसा आमचा आहे. एकाच्या हाती त्यासाठी टेबल आहे, दुसऱ्याच्या हाती वकील.

आता रुग्णालयाची बाजू. मोठी अध्यापन रुग्णालये म्हणतात की सरकारच्या मेडिकेअर (मुख्यतः वृद्धांसाठीची) आणि मेडिकेड (गरिबांसाठीची) या योजना खर्चापेक्षा कमी पैसे देतात, म्हणून खासगी विम्याकडून जास्त घ्यावे लागतात. शिवाय निवासी डॉक्टरांचे प्रशिक्षण, संशोधन आणि अवघडातल्या अवघड शस्त्रक्रिया कुणीतरी करायलाच हव्यात. यात तथ्य आहे. पण देशभरात २०२२ मध्ये मालक आणि खासगी विमा कंपन्यांनी रुग्णालयांना मेडिकेअरच्या सरासरी अडीचपट, नेमके सांगायचे तर २५४ टक्के, दर दिले. आणि न्यू यॉर्कमधील सर्वांत गरीब रुग्ण ज्या सार्वजनिक रुग्णालयांत जातात, ज्यात १७३६ पासून चालत आलेले बेलव्यू आहे, तिथल्या दराशेजारी वरचा कोलोनोस्कोपीचा आकडा ठेवला की गरीब रुग्णांचा भार हे स्पष्टीकरण अपुरे पडते. ज्यांच्याकडे मेडिकेडचे रुग्ण अधिक, त्यांचाच दर कमी आहे.

पॅनेलवरून नाव उतरवणे हा एकमेव उपाय होता असेही नाही. कॅलिफोर्नियाच्या सरकारी कर्मचाऱ्यांच्या कॅलपर्स या संस्थेने २०११ मध्ये गुडघा आणि खुबा बदलण्याच्या शस्त्रक्रियेसाठी रुग्णालयाला ३० हजार डॉलरची कमाल रक्कम ठरवली. त्यापेक्षा महाग रुग्णालयात जायचे असेल तर वरचा फरक रुग्णाने भरायचा. रुग्ण स्वस्त रुग्णालयांकडे वळले, आणि महाग रुग्णालयांचे दर सरासरी ३४ टक्क्यांनी उतरले. तिथे दार बंद केले नाही, फक्त दारावर किंमत लावली. तासावर पगार घेणाऱ्या सफाई कामगाराला ती किंमत म्हणजे बंद दारच, म्हणून ३२बीजेने सरळ वगळण्याचा मार्ग धरला असावा, आणि माझ्या मते तो त्यांच्या सभासदांसाठी अधिक प्रामाणिक होता. सर्वांना सारखाच नियम.

त्याची झळ मात्र सर्वांना सारखी बसली नाही. वॉशिंग्टन हाइट्समध्ये, जिथे डॉमिनिकन स्थलांतरितांची दाट वस्ती आहे, १६८ व्या रस्त्यावरचे न्यू यॉर्क-प्रेस्बिटेरियन हे अनेकांसाठी नावाजलेले रुग्णालय असण्याआधी घराजवळचे रुग्णालय आहे. मूल तिथे जन्मले, आईचे मधुमेहाचे कागद तिथे, स्पॅनिश बोलणारी परिचारिका तिथे. अशा कुटुंबाला स्वस्त पर्याय म्हणून दाखवलेले रुग्णालय गुणवत्तेत सरस असले तरी दोन गाड्या बदलून जावे लागते, आणि तासावर पगार असलेल्या माणसाला दोन गाड्या म्हणजे अर्धा दिवस. वाचलेल्या ३ कोटींच्या हिशेबात हा अर्धा दिवस कुठेही धरलेला नाही. निधीने तो धरायला हवा होता, असे माझे मत आहे. प्रवासभाडे आणि भेटीसाठी भरपगारी रजा यांची रक्कम त्या बचतीपुढे नगण्य ठरली असती.

काही संरक्षण कायद्याने दिले. योगायोगाने १ जानेवारी २०२२ याच दिवशी अनपेक्षित बिलांविरुद्धचा फेडरल कायदा लागू झाला. त्यामुळे छातीत दुखू लागल्यावर रुग्णवाहिका वगळलेल्या रुग्णालयाच्या आपत्कालीन कक्षात घेऊन गेली तरी नेटवर्कबाहेरचे बिल रुग्णाच्या अंगावर पडत नाही. त्याच कायद्यात आणखी एक तरतूद आहे: रुग्णालयाशी करार संपला, आणि त्या वेळी रुग्ण गरोदर असेल किंवा गंभीर आजारावर उपचार घेत असेल, तर त्याला जुन्याच अटींवर ९० दिवसांपर्यंत तिथे उपचार सुरू ठेवता येतात.

दर उघड व्हावेत म्हणून संघटनेने इतरांना सोबत घेऊन शहराकडेही रेटा लावला, आणि जून २०२३ मध्ये न्यू यॉर्क शहराने आरोग्यसेवेच्या दरांवर नजर ठेवणारे स्वतंत्र कार्यालय स्थापण्याचा कायदा केला. मालक म्हणून शहर स्वतःच या खेळात आहे. लाखो पालिका कर्मचारी, निवृत्त कर्मचारी आणि त्यांचे कुटुंबीय यांचे उपचार त्याच रुग्णालयांत होतात आणि बिल करदात्याच्या पैशातून भागते. शहराच्या कर्मचाऱ्यांनी मात्र हा विषय काढला की त्यांचे पहिले वाक्य हप्त्याविषयी असते, आणि त्यात वावगे काही नाही. डोअरमनच्या खणातल्या कागदावरचा तिसरा रकाना वाचायला त्याच्या संघटनेला अनेक वर्षे लागली.